डबल-डेक टर्मिनल बीओएममध्ये दुप्पट येतात, वायर नंबरही मध्येच बदलतो (ऑटोकॅड इलेक्ट्रिकल)

स्केमॅटिक_शिकाऊ

नमस्कार. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये (सर्किट ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) एका कन्व्हेयर पॅनेलचं स्केमॅटिक चालू आहे. तीन टर्मिनल स्ट्रिप (वायर जोडायच्या टर्मिनलांच्या रांगा) आहेत. एक्स१ वर ४१५ व्होल्टचं इनकमिंग आणि मोटर आउटगोइंग, एक्स२ वर २३० व्होल्ट कंट्रोल, एक्स३ वर २४ व्होल्ट डीसीचे ३२ डिजिटल इनपुट. एक्स३ ला २.५ चौरस मिमीचे डबल-डेक (दोन मजली) टर्मिनल ठरलेत: वरच्या डेकला सिग्नल, खालच्या डेकला +२४.

अडचणी अशा:

१. बीओएममध्ये (मालाच्या यादीत) एक्स३ चे ६४ नग येतात. हवेत ३२, वर स्पेअर.

२. क्लायंटला पॅनेलच्या आतला वायर नंबर आणि फील्डकडचा वायर नंबर वेगळा हवाय. काही टर्मिनलपाशी नंबर बदलतो, काहींपाशी तोच पुढे जातो. सिम्बॉल दिसायला सगळे सारखेच, गोल.

३. +२४ चा एक्स३:७ दोन शीटवर काढलाय, पॉवर सप्लायच्या शीटवर आणि इनपुट कार्डाच्या शीटवर. टर्मिनल स्ट्रिप एडिटरमध्ये ७ नंबर दोनदा दिसतो.

४. खालचे सगळे डेक एकमेकांना लिंक करायचेत. सध्या टर्मिनलांमध्ये वायर ओढून दाखवलंय, पण त्यामुळे वायर लिस्टमध्ये ३१ लूप (टर्मिनल ते टर्मिनल वायर) आलेत.

५. जीए शीटवर (पॅनेलच्या मांडणीच्या ड्रॉइंगवर) टाकलेली स्ट्रिप स्केमॅटिक बदललं तरी जुनीच राहते.

कुठून सुरुवात करू?

---

डिनरेल

दुसऱ्यापासून करा. वायर नंबर ठरल्याशिवाय बाकीचं नीट करून उपयोग नाही, पुन्हा सगळं हलेल.

सिम्बॉल गोल आहे की चौकोनी, याच्याशी सॉफ्टवेअरला काही घेणं नाही. ते ब्लॉकचं नाव आणि ॲट्रिब्यूट वाचतं. टर्मिनलच्या ब्लॉकच्या नावात पहिली दोन अक्षरं एचटी किंवा व्हीटी असतात, म्हणजे आडव्या वायरवरचा की उभ्या वायरवरचा. तिसरी जागा महत्त्वाची. तिथे शून्य असेल तर टर्मिनलच्या दोन्ही बाजूंना एकच वायर नंबर राहतो. एक असेल तर नेटवर्क (एकमेकांना जोडलेल्या वायर) टर्मिनलपाशी तुटतं आणि पलीकडे नवा नंबर पडतो. तुमच्या शीटवर हे दोन्ही प्रकार मिसळलेत, बहुधा जुन्या प्रोजेक्टमधून सर्किट कॉपी झाल्यामुळे. एका सिम्बॉलवर क्लिक करून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये ब्लॉकचं नाव बघा, लगेच कळेल.

दुसरा फरक नंबर कुठे साठवला जातो याचा. काही सिम्बॉलमध्ये टर्मिनल नंबर 'टर्म०१' या ॲट्रिब्यूटमध्ये असतो, तो तुम्ही देता आणि तो तसाच राहतो. काहींमध्ये 'वायरनो' असतो, म्हणजे वायर नंबर हाच टर्मिनल नंबर. दुसऱ्या प्रकारात वायर नंबर पुन्हा पाडले की टर्मिनल नंबरही बदलतात, आणि एकाच वायरवर दोन टर्मिनल असले की दोघांना एकच नंबर येतो. +२४ सारख्या कॉमन वायरवर तर सगळ्यांनाच. एक्स३ साठी 'टर्म०१' वालाच वापरा.

बदलायचं असं. 'स्वॅप/अपडेट ब्लॉक' मध्ये 'स्वॅप अ ब्लॉक', व्याप्ती प्रोजेक्ट-वाइड. जुना ब्लॉक दाखवा, नवा निवडा. ॲट्रिब्यूट मॅपिंग 'सेम ॲट्रिब्यूट नेम्स' वर असतं, त्यामुळे जुन्यात 'वायरनो' आणि नव्यात 'टर्म०१' असेल तर टर्मिनल नंबर पुढे येत नाही, रिकामा राहतो. मॅपिंग फाइल द्या, नाहीतर नंतर एडिटरमधून रीनंबर करा. प्रोजेक्ट-वाइड स्वॅपआधी प्रोजेक्टची झिप काढून ठेवा, कारण बंद असलेल्या शीटवर अनडू चालत नाही. आणि व्याप्ती निवडताना एक्स१, एक्स२ वरही तोच ब्लॉक आहे का हे बघा. असेल तर तिथलेही बदलतील.

मग वायर नंबर पुन्हा पाडा, 'टॅग/रीटॅग ऑल' निवडून. जे नंबर फिक्स केलेले असतील ते हलणार नाहीत. "स्वॅप केलं तरी काही झालं नाही" असं वाटलं तर आधी तेच तपासा.

---

वायरफेरूल

डिनरेल यांनी नंबर वेगळे कसे पाडायचे ते सांगितलं. ते ओळखू कसे यायचे याबद्दल थोडं.

नुसता नेटवर्क तोडला तर आत ३०१ आणि बाहेर ३०२ असे नंबर पडतील. साइटवरच्या माणसाला ३०२ म्हणजे फील्डचा की पॅनेलचा, काहीच कळत नाही. त्यापेक्षा फील्ड वायर वेगळ्या वायर लेयरवर ठेवा आणि ड्रॉइंग प्रॉपर्टीजमध्ये लेयरप्रमाणे नंबरचा फॉरमॅट द्या. पॅनेलसाठी नुसता नंबर, फील्ड लेयरसाठी आधी 'एफ'. नंबर लाइन रेफरन्सवर आधारित असतील तर एकाच ओळीतल्या दोन्ही बाजूंना एकच मूळ आकडा आणि फील्डकडे 'एफ' असं छान जुळतं. सिक्वेन्शियल असतील तर आकडे जुळणार नाहीत, तिथे सक्तीने जुळवत बसू नका.

क्लायंटने मागितलंय म्हणून वेगळे नंबर द्या, पण माझं मत विचाराल तर टर्मिनलच्या दोन्ही बाजूंना एकच नंबर बरा. टर्मिनल हे काही कॉन्टॅक्ट नाही, विद्युतदृष्ट्या तो एकच बिंदू आहे. मल्टिमीटर घेऊन फॉल्ट शोधताना एकच नंबर धरून पुढे जाता येतं. फील्ड केबलच्या कोअरवर तसेही छापील आकडे असतात, ते केबल शेड्यूलमध्ये येतात. फ्यूज टर्मिनल किंवा नाइफ डिसकनेक्ट असेल तर मात्र नंबर बदललाच पाहिजे, कारण तिथे सर्किट उघडतं.

---

चाकण_पॅनेल

६४ नगांचं कारण सरळ आहे. शीटवरचा प्रत्येक टर्मिनल सिम्बॉल म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी एक वेगळा नग. कॅटलॉग नंबर डबल-डेकचा दिला म्हणून दोन सिम्बॉल आपोआप एका नगात जात नाहीत. ते असोसिएट करावे लागतात, म्हणजे एकाच नगाला जोडावे लागतात, आणि त्याआधी त्या नगाला दोन लेव्हल (डेक) आहेत हे सांगावं लागतं. हा क्रम उलटा केला की असोसिएट होत नाही.

टर्मिनल स्ट्रिप एडिटर उघडा, एक्स३ निवडा. वरच्या डेकचे ३२ टर्मिनल सिलेक्ट करून कॅटलॉग नंबर द्या. मग टर्मिनल ब्लॉक प्रॉपर्टीज एडिट करा. लेव्हल २. लेव्हलला नावं द्या, 'अप्पर' आणि 'लोअर', रिपोर्टमध्ये तीच छापली जातात. प्रत्येक कनेक्शनला किती वायर बसतात तेही तिथेच भरा. नेहमी एकाच मेकचे टर्मिनल वापरत असाल तर हे कॅटलॉग डेटाबेसच्या 'टर्मप्रॉप्स' टेबलमध्ये एकदाच भरून ठेवा, मग कॅटलॉग नंबर दिला की लेव्हल आपोआप येतात.

आता असोसिएट. ७ चा अप्पर आणि ७ चा लोअर एकाच शीटवर असतील तर 'असोसिएट टर्मिनल्स' कमांड, आधी मुख्य मग दुसरा. वेगवेगळ्या शीटवर असतील तर एडिटरमधून करा, किंवा टर्मिनल एडिट करताना डायलॉगमध्ये 'ॲड/मॉडिफाय' चा पर्याय आहे तिथून. ही जोडणी 'लिंकटर्म' ॲट्रिब्यूटमध्ये साठवली जाते. म्हणूनच ऑटोकॅडच्या साध्या कॉपीने टर्मिनल उचलू नका, त्यात हा दुवाही सोबत येण्याचा धोका असतो. इलेक्ट्रिकलची स्वतःची 'कॉपी कंपोनंट' वापरा. आणि एक्सप्लोड तर कधीच नको. एक्सप्लोड झालेला टर्मिनल शीटवर जसाच्या तसा दिसतो, पण तो नुसता गोल आणि मजकूर असतो, एडिटरला तो दिसतच नाही.

ऑर्डर देण्याआधी कॅटलॉग नंबर एकदा नीट वाचा. फिनिक्स कंपनीच्या यूटीटीबी २,५ मध्ये दोन्ही डेक वेगळे असतात, पण त्याच नावापुढे 'पीव्ही' लागलं की दोन्ही डेक आतून जोडलेले येतात. तुमच्या स्ट्रिपवर तो लागला तर प्रत्येक सिग्नल थेट +२४ ला चिकटेल आणि ३२ च्या ३२ इनपुट कायम ऑन दिसतील. खालच्या डेकवर ० व्होल्ट असतं तर सेन्सर ऑन होताच सप्लाय शॉर्ट. बाहेरून दोन्ही टर्मिनल जवळपास सारखे दिसतात, म्हणून पॅनेल जोडून होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

---

एकरेषा

एक विचारू का? ३२ इनपुटमध्ये तीन-वायरचे प्रॉक्सिमिटी सेन्सर किती आहेत? लिमिट स्विचला दोन वायर, डबल-डेक ठीक. पण पीएनपी प्रॉक्सिमिटीला ब्राउन +२४, ब्लू ०, ब्लॅक सिग्नल अशा तीन वायर येतात. तुमच्या डबल-डेकवर ब्लूला जागाच नाही.

---

स्केमॅटिक_शिकाऊ

८ आहेत. त्यांचं ० व्होल्ट एक्स३ च्या शेवटी एका वेगळ्या टर्मिनलवर घ्यायचं ठरवलं होतं.

---

एकरेषा

आठ ब्लू एका टर्मिनलवर बसणार नाहीत. ० व्होल्टचे ८ वेगळे टर्मिनल घ्या, जंपरने (शेजारचे टर्मिनल जोडणाऱ्या पट्टीने) जोडा, किंवा या ८ इनपुटांना तीन डेकचे सेन्सर टर्मिनल घ्या. तीन डेकचे घेतले तर तेवढ्यांना लेव्हल ३ करायच्या आणि तिन्ही सिम्बॉल असोसिएट करायचे, पद्धत वर सांगितली तीच. वायरमनला तीन डेकचं सोपं जातं, सेन्सरची केबल एकाच जागी उतरते. मात्र ती स्ट्रिप वेगळी ठेवा, एक्स४ म्हणून. दोन आणि तीन डेकचे टर्मिनल एका रांगेत आले की उंची बदलते आणि मध्ये एंड प्लेट घालावी लागते.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर: एक टर्मिनल एकाच शीटवर काढा. पॉवर सप्लायच्या शीटवरून +२४ ची वायर सोर्स-डेस्टिनेशन ॲरोने इनपुटच्या शीटवर न्या आणि टर्मिनल फक्त तिथेच दाखवा. पॉवर सप्लायच्या शीटवर तोच दाखवायचा मोह होतो, कारण वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण दोनदा काढलात तर दोन नग मोजले जाणार, आणि डेस्टिनेशनही (वायर कुठे जाते ते) अर्धं इकडे अर्धं तिकडे.

ईप्लॅन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे वेगळं आहे. तिथे प्रत्येक टर्मिनलला 'मेन टर्मिनल' अशी खूण असते. एक मेन ठेवून बाकीच्यांची खूण काढली की तोच टर्मिनल दुसऱ्या शीटवर दाखवता येतो आणि पार्ट एकदाच मोजला जातो. तिकडून आलेली मंडळी इकडेही तसंच करायला जातात आणि नेमकी इथेच अडकतात.

---

डिनरेल

जंपरबद्दल. टर्मिनलांमध्ये ओढलेली रेघ ही वायरच समजली जाते, म्हणून ३१ लूप आले. त्या वायर पुसा आणि 'एडिट जंपर' किंवा स्ट्रिप एडिटरमधल्या जंपरच्या बटणाने जोडणी करा. मग ती वायर लिस्टमध्ये न येता जंपर म्हणून येते, आणि जंपरचा कॅटलॉग नंबर दिला तर बीओएममध्येही.

पण वायर पुसल्या की नेटवर्क तुटतं आणि प्रत्येक लोअर टर्मिनलच्या वायरला वेगळा नंबर पडू शकतो. जंपर देऊन झाल्यावर वायर नंबर पुन्हा तपासा, +२४ ला एकच नंबर आहे ना बघा, आणि तो फिक्स करा.

आता प्रत्यक्षातला जंपर. ५.२ मिमी पिचसाठी फिनिक्सचा एफबीएस १०-५ हा १० पोलचा. तुम्हाला ३२ जोडायचेत, म्हणजे एकापेक्षा जास्त लागणार आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत. अशा टर्मिनलमध्ये जंपरसाठी दोन खाचा असतात. पहिला जंपर १ ते १० पहिल्या खाचेत, दुसरा १० ते १९ दुसऱ्या खाचेत, तिसरा १९ ते २८ पुन्हा पहिल्या खाचेत, चौथा २८ ते ३२ दुसऱ्या खाचेत. शेवटचा ५ पोलचा. १० पोलचे तीन मांडून पुढे २ पोलचा लावला की ३२ होतात असा हिशेब बरेच जण करतात, पण असे मांडलेले जंपर एकमेकांना कुठेच जोडलेले नसतात. १० ते ११ मध्ये तुटतं आणि ११ पासून पुढे +२४ पोचतच नाही.

सप्लाय एकाच टोकाला देत असाल तर पूर्ण ३२ चा करंट पहिल्या जंपरमधून जातो. इनपुटांना काही मिलिअँपिअर लागतात, तिथे प्रश्न नाही. पण हीच सवय व्हॉल्व्हच्या आउटपुट स्ट्रिपवर नेऊ नका, तिथे मधल्या टर्मिनलला फीड द्या.

---

वायरफेरूल

थोडं स्पेअर आणि लांबीबद्दल. स्पेअर टर्मिनल स्केमॅटिकवर नसतात, ते स्ट्रिप एडिटरमध्येच घालायचे. २० टक्के धरले तर ३२ चे ६.४, म्हणजे ७, एकूण ३९. ३९ गुणिले ५.२ म्हणजे २०२.८ मिमी. वर एंड प्लेट २.२ मिमी आणि दोन एंड क्लॅम्प, प्रत्येकी ९.५. झाले २२४ मिमी. सिंगल टर्मिनल ६४ घेतले असते तर स्पेअर न धरताच ३३२.८ मिमी गेले असते. डक्टमधलं अंतर ठरवताना डबल-डेकची उंचीही बघा. वरच्या डेकच्या वायरला वळायला जागा लागते, नाहीतर डक्टचं झाकण बसत नाही. एंड प्लेट आणि क्लॅम्पही एडिटरमध्ये ॲक्सेसरी म्हणून घाला, नाहीतर बीओएममध्ये येणारच नाहीत आणि स्टोअर ते देणार नाही.

एका स्क्रूखाली किती वायर, हा आकडा उगाच २ टाकू नका. आयईसी ६०२०४-१ प्रमाणे टर्मिनल त्यासाठी बनवलेला असेल तरच दोन वायर चालतात. अर्थिंगच्या बाबतीत तेवढीही सूट नाही, एका पीई (अर्थ) कनेक्शन पॉइंटवर एकच वायर. एक्स१ वर मोटरचे अर्थ असतील तर जितक्या वायर तितके पॉइंट मोजा. पीईचे पिवळे-हिरवे टर्मिनल रेललाच जोडले जातात, त्यांना जंपरची गरज नसते. सिम्बॉलही वेगळा घ्या, नाहीतर लेआउटमध्ये साधा राखाडी टर्मिनल येतो.

---

चाकण_पॅनेल

पाचवा मुद्दा राहिला. जीए शीटवरची स्ट्रिप स्वतःहून बदलत नाही, ती टाकली त्या क्षणाचा फोटो समजा. स्केमॅटिक बदललं की एडिटर पुन्हा उघडायचा आणि लेआउट प्रिव्ह्यूच्या टॅबवर 'रीबिल्ड' करायचं. दरवेळी नव्याने 'इन्सर्ट' केलंत तर जुन्यावर नवी स्ट्रिप पडते.

तिथेच असाल तर डेस्टिनेशनच्या बाजूही बघून घ्या. फील्डची उपकरणं एका बाजूला आणि पॅनेलमधली दुसऱ्या बाजूला हवीत. 'टॉगल लोकेशन' मध्ये लोकेशन कोड निवडला की त्या कोडची सगळी डेस्टिनेशन एका बाजूला जातात. त्यासाठी सेन्सर आणि पीएलसी दोन्हींना लोकेशन कोड दिलेला हवा. तो रिकामा असेल तर एकेक ओळ हाताने फिरवावी लागते, आणि ३२ ओळींत एखादी राहतेच.

---

स्केमॅटिक_शिकाऊ

सगळ्यांचे आभार. स्वॅप, वायर नंबर, जंपर झालं. प्रॉक्सिमिटीच्या ८ इनपुटांना एक्स४ वर तीन डेकचे घेतले. आता एक्स३ वर २४ इनपुट राहिले, पण स्केमॅटिक बीओएममध्ये २५ नग येताहेत. १७ चा अप्पर आणि लोअर असोसिएट होत नाहीत. एडिटरमध्ये एक्स३ उघडल्यावर १७ चा अप्पर यादीत दिसतच नाही. कॅटलॉग तोच, लेव्हल २. शीटवर टॅगही एक्स३ च लिहिलेला आहे.

---

डिनरेल

स्ट्रिप निवडायच्या यादीत एक्स३ किती वेळा आहे? स्ट्रिप नुसत्या टॅगवर ओळखली जात नाही. इन्स्टॉलेशन, लोकेशन आणि टॅग या तिन्ही जुळल्या तरच एक स्ट्रिप. १७ च्या अप्परचा लोकेशन कोड बघा.

---

स्केमॅटिक_शिकाऊ

दोनदा आहे! एका एक्स३ मध्ये एकच टर्मिनल, लोकेशन रिकामं. कोड भरला, एडिटर पुन्हा उघडला, १७ असोसिएट झाला. २४ नग.